बापूंचे चालणे आणि बापूंचा रक्तदाब



रक्ताभिसरणाचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. मुलं हृदयाचे चार कप्पे सांगतात, धमनी आणि शिरेतला फरक सांगतात, १२०/८० हा आकडाही पाठ करतात. पण मध्येच एखादा मुलगा विचारतो, "सर, माझे आजोबा तर एकदम बारीक आहेत, रोज शेतात चालत जातात, मग त्यांना बीपी कसं काय झालं?" अशा वेळी पुस्तकातली आकृती कामाला येत नाही. एखाद्या खऱ्या माणसाची गोष्ट सांगावी लागते.

आपल्या वर्धा जिल्ह्याला ती गोष्ट शोधायला लांब जायला नको. सेवाग्रामच्या बापू कुटीत मुलांची सहल आपण नेतोच. चरखा, काठी, चटई दाखवतो. त्याच कुटीत राहणाऱ्या माणसाने आयुष्यभर पायी चालून शरीर राखले होते आणि तरीही त्याला उच्च रक्तदाब होता, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते. म्हणून आजच्या पाठासाठी महात्मा गांधींचे चरित्र, पण जरा वेगळ्या बाजूने: त्यांच्या पायांच्या आणि त्यांच्या रक्ताच्या बाजूने.

व्यायामाला कंटाळणारा मुलगा

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. शिक्षण राजकोटला. मुलगा लाजाळू. शाळा सुटली की कोणी थट्टा करू नये म्हणून थेट घरी पळायचा. हायस्कूलचे मुख्याध्यापक दोराबजी गिमी यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले होते. मोहनला दोन्ही नकोसे वाटे. एक कारण लाजाळूपणा, आणि दुसरे असे की शाळेनंतरचा वेळ त्याला आजारी वडिलांच्या सेवेसाठी हवा होता.

एका शनिवारी शाळा सकाळची होती आणि कसरतीला दुपारी चारला पुन्हा यायचे होते. घरात घड्याळ नाही, आभाळ भरलेले, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला तेव्हा सगळे निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याने खरे कारण सांगितले, पण ते खोटे धरून त्याला आणा-दोन आणे दंड झाला. पैशांपेक्षा आपण खोटे ठरलो याचे त्या मुलाला फार वाईट वाटले. पुढे वडिलांनी पत्र दिल्यावर त्याला कसरतीतून सूट मिळाली.

शिक्षकांनी इथे क्षणभर थांबावे. मोठेपणी गांधींनी या सवयीचा पश्चात्ताप केला. शाळेत बुद्धीच्या शिक्षणाइतकेच स्थान शरीराच्या शिक्षणाला हवे, असे त्यांचे मत झाले. पण एक गोष्ट त्यांना तेव्हाच सापडली होती. मोकळ्या हवेत लांब फिरण्याचे फायदे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचले, ते पटले आणि फिरण्याची सवय लागली. ती मरेपर्यंत सुटली नाही. म्हणजे तासिकेत सक्तीने जे जमले नाही, ते एका वाचलेल्या पानाने केले!

लंडन, मुंबई, आफ्रिका

१८८८ साली ते बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. पैसे बेताचे होते. गाडीभाडे वाचावे म्हणून त्यांनी अशा जागी खोली घेतली की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल. रोज आठ-दहा मैल चालणे होई. विलायतेच्या थंडीत आपण फारसे आजारी पडलो नाही, याचे श्रेय पुढे त्यांनी या चालण्यालाच दिले.

१८९१ मध्ये परत आल्यावर काही महिने त्यांनी मुंबईत वकिली करून पाहिली. मुक्काम गिरगावात आणि हायकोर्ट फोर्टात. ट्राम किंवा घोडागाडी न करता ते जाता-येता पाऊण-पाऊण तास चालत. वकिली काही चालली नाही, पाय मात्र चालत राहिले.

१८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभे केले. जखमी सैनिकांना डोलीत घालून हे लोक दिवसाला २०-२५ मैल चालत. १९१० मध्ये जोहान्सबर्गपासून २१ मैलांवर टॉल्स्टॉय फार्म सुरू झाला. स्वतःच्या कामासाठी शहरात जायचे असेल तर पायी जायचे, हा तिथला नियम. लोक रात्री दोनला उठून अडीचला निघत आणि सहा-सात तासांत जोहान्सबर्ग गाठत.

चालताना रक्ताचं काय होतं?

आता गोष्ट थोडी थांबवून विज्ञानाकडे येऊ, कारण पुढचे चरित्र समजायला ते लागणार आहे.

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलते. हे रक्त पाण्यासारखे पातळ नसते. त्यात जवळजवळ ४० ते ४५ टक्के भाग तांबड्या पेशींचा असतो, म्हणून ते पाण्याच्या तीन-चार पट दाट असते. आपण पाणी कमी प्यालो आणि घाम खूप गेला, तर रक्तातला पातळ भाग कमी होऊन ते आणखी दाट होते. वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे आपल्या सर्वांच्या अंगात घडत असते.

रक्त किती सहज वाहील हे तीन गोष्टींवर ठरते: मागून ढकलणारा जोर, रक्ताचा दाटपणा आणि नळीची रुंदी. यातली नळीची रुंदी सगळ्यांत महत्त्वाची. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने एकोणिसाव्या शतकात बारीक काचेच्या नळ्यांवर प्रयोग करून हा हिशेब मांडला. नळीची त्रिज्या दुप्पट झाली, तर त्याच जोराने प्रवाह दुप्पट नव्हे, तब्बल १६ पट होतो. उलट नळी थोडीशीच आवळली, तरी प्रवाह खूप घटतो आणि तेवढेच रक्त पुढे न्यायला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. हा जोर रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडतो. त्याला आपण रक्तदाब म्हणतो. पाऱ्याच्या नळीने रक्तदाब मोजण्याची सुरुवातही याच डॉक्टराने केली. म्हणून आजही रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतात.

आता माणूस चालायला लागला की काय होते? मांड्या-पोटऱ्यांना जास्त प्राणवायू हवा असतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. वेगाने वाहणारे रक्त वाहिनीच्या आतल्या अस्तरावर घासत जाते, तेव्हा ते अस्तर नायट्रिक ऑक्साईड सोडते आणि वाहिनी सैल पडते. पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आवळतो आणि पायातल्या शिरांमधले रक्त वर ढकलतो. शिरांमध्ये झडपा असल्याने ते परत खाली येत नाही. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. चालून झाल्यावर पुढचे काही तास रक्तदाब थोडा उतरलेला राहतो. रोज चालणाऱ्याच्या रक्तातला पातळ भागही वाढतो, त्यामुळे रक्त अधिक सहज वाहते. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांचा वरचा आकडा नियमित व्यायामाने साधारण ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. ५ ते ८. फायदा मोठा आहे, पण अमर्याद नाही.

दांडीहून वर्ध्याला

१९१५ साली गांधीजी भारतात परतले. आजार त्यांनाही चुकले नाहीत. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात काम करताना आमांशाने ते मरणाच्या दारात जाऊन आले. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स दुखावले आणि पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. पण प्रत्येक वेळी अंगात जरा ताकद आली की फिरणे पुन्हा सुरू होई.

१२ मार्च १९३० रोजी त्यांनी साबरमतीहून दांडीकडे पाऊल टाकले. वय ६० पूर्ण. २४ दिवसांत सुमारे २४० मैल म्हणजे ३८५ किलोमीटर चालून ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. सोबतच्या तरुणांपैकी काहींचे पाय सुजले, फोड आले. म्हातारा मात्र पुढेच! मिठासाठी हा सत्याग्रह करणाऱ्या माणसाने आफ्रिकेत असताना कित्येक वर्षे स्वतः मीठ सोडले होते, हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते.

स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. मग राहायचे कुठे? शेठ जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला आणले. सुरुवातीला मुक्काम मगनवाडीत. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चाले.

१९३५ चा डिसेंबर

इथेच, आपल्या वर्ध्यात, १९३५ च्या डिसेंबरात बापूंची तब्येत एकदम बिघडली. तपासणीत रक्तदाब खूप वाढलेला निघाला. डॉक्टरांनी लिहिणे, भेटीगाठी, सभा सगळे बंद करून सक्तीची विश्रांती सांगितली. पुढचे दोन-अडीच महिने त्यांना जवळजवळ काही करू दिले नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये बनवले. त्यात कानाला नळी लावून दोन्ही आकडे ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये दिली. म्हणजे गांधीजी लंडनला शिकत होते, तेव्हा दंडाला बांधायचा हा पट्टा जगात नव्हताच. त्यांचा रक्तदाब नेमका कधी वाढू लागला हे कोणाला कसे कळणार? जो आजार दुखत नाही, तो मोजल्याशिवाय दिसत नाही.

पुढच्या काळातले त्यांचे काही आकडे दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात जपले आहेत आणि ते प्रसिद्धही झाले आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ ची नोंद १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० ची नोंद २२०/११०. आज असा आकडा दिसला तर डॉक्टर घरी बसू देणार नाहीत. रक्तदाब दिवसभर चढ-उतार करतो, त्यामुळे एका आकड्यावरून सगळे ठरत नाही हे खरे. तरी हे आकडे लहान नाहीत.

आणि हा माणूस दिसायला कसा होता? उंची १६५ सेंटिमीटर, वजन ४६.७ किलो अशी नोंद आहे. आठवीच्या मुलांना बॉडी मास इंडेक्स काढायला सांगा. ४६.७ भागिले १.६५ चा वर्ग. उत्तर येते साधारण १७. म्हणजे स्थूल तर नाहीच, उलट कमी वजनाचा. दारू नाही, तंबाखू नाही, मांस नाही, मसाला नाही, रोज चालणे. तरीही रक्तदाब २२०.

सेवाग्रामचा रस्ता

दोन-अडीच महिन्यांच्या विश्रांतीनंतर ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, बापू मगनवाडीतून शेगावला राहायला गेले. गेले तेही पायीच, भल्या पहाटे. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा गोंधळ होई, म्हणून १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्याच १९३६ च्या पावसाळ्यात त्यांना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवावे लागले.

सेवाग्रामात दिवस घड्याळावर चाले. सकाळी फिरणे आणि संध्याकाळी फिरणे, दोन्ही ठरलेले. ज्यांना भेटीची वेळ मिळत नसे, त्यांना फिरतानाची वेळ मिळे. आश्रमातल्या मुला-मुलींच्या खांद्यावर हात ठेवून बापू झपाझप चालत. त्यांच्या बरोबरीने चालता चालता बोलताना पाहुण्यांना धाप लागे!

पण आता चालण्याला दुसऱ्या गोष्टींची जोड दिली गेली होती. रोज मालिश. पोटावर आणि डोक्यावर ओल्या मातीची पट्टी. दुपारची झोप. जेवणात लसूण. सोमवारचे मौन जुनेच होते, पण रक्तदाब वाढल्यावर बोलणे कमी करून शरीराला आराम मिळतो हे त्यांना अनुभवाने कळले, आणि गरज पडेल तेव्हा ते मौन वाढवीत. पुढे डॉ. सुशीला नय्यर आश्रमात आल्या. बापूंचा रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे, आकडा चढला की कामाला कात्री लावणे हे त्यांच्याकडे आले. त्यांनीच पुढे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय वाढवले आणि १९६९ मध्ये तिथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

मग चालण्याचा उपयोग काय?

वर्गात हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. एवढे चालूनही बीपी झाले, मग चालायचे कशाला?

याचे प्रामाणिक उत्तर असे आहे. रक्तवाहिन्या वयाबरोबर कडक होतात. सायकलची नवी ट्यूब हवा भरली की फुगते, जुनी कडक झालेली ट्यूब फुगत नाही, तिच्या भिंतीवर ताण येतो. साठीनंतर हे बहुतेकांच्या बाबतीत कमी-जास्त घडते. आनुवंशिकता हा दुसरा भाग. मूत्रपिंडे, अपुरी झोप आणि सततचा मानसिक ताण हे आणखी भाग. पहाटे चारच्या आधी उठणारा, रोज ढीगभर पत्रांना उत्तरे देणारा, देशाचे भांडण डोक्यावर घेतलेला माणूस किती ताणाखाली असेल ते सांगायला नको. यातला कुठला भाग किती होता हे आज कोणी मोजून सांगू शकणार नाही. चालण्याने ५-८ मिलिमीटर उतरतात, पण बाकीची कारणे त्याहून जास्त चढवू शकतात.

पण चालण्याने दुसरे काम केले. अशा रक्तदाबाचा भार सोसणारे हृदय आणि पाय शेवटपर्यंत कामाचे राहिले. म्हणून "चालतो म्हणजे मला बीपी होणार नाही" हे चूक, आणि "बीपी व्हायचं ते होतंच, मग चालायचं कशाला" हेही तितकेच चूक. चालायचेही आणि मोजायचेही.

दोन साथीदार

याच वर्ध्याच्या मातीत १९४२ साली बापूंना दोन मोठे धक्के बसले.

पहिला जमनालालजींचा. ज्यांनी बापूंना वर्ध्याला आणले, लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये हरिजनांसाठी खुले केले, ते जमनालालजी अखेरच्या दिवसांत गोपुरीला झोपडीत राहून गोसेवेच्या कामाला लागले होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते अचानक गेले. वय ५२. निरोप मिळताच बापू सेवाग्रामहून वर्ध्याला धावले, पण भेट झाली नाही.

दुसरा महादेवभाई देसाईंचा. बापूंचे सचिव. बापू शेगावला गेले तेव्हा महादेवभाई मगनवाडीतच राहत. टपाल आणि कागद घेऊन रोज वर्धा ते शेगाव आणि परत, सुमारे ११ मैल पायी. ऊन असो, पाऊस असो. रात्री जागून लिखाण. विश्रांती हा शब्दच नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला दोघांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टला, हृदयविकाराच्या झटक्याने महादेवभाई गेले. वय फक्त ५०. चालणे त्यांच्याकडेही भरपूर होते. विश्रांती नव्हती. एका कारणाने मृत्यू झाला असे आपण म्हणू नये, पण श्रम म्हणजेच व्यायाम असा आपला जो समज असतो, तो इथे तपासून पाहावा. उन्हातान्हात, पाणी न पिता, झोप मोडून केलेले कष्ट वेगळे आणि सकाळच्या थंड वेळी सैल अंगाने केलेले फिरणे वेगळे. आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि शेतमजूर बाईला "तुम्हाला व्यायामाची काय गरज, तुम्ही तर राबताच" असे आपण सहज म्हणून जातो. त्यांना विश्रांतीची आणि तपासणीची गरज आहे, हे मात्र म्हणत नाही.

औषध कुठे होतं?

कोणी विचारेल, बापूंनी गोळी का घेतली नाही? तेव्हा आजच्यासारखी गोळी नव्हती! अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब प्रचंड वाढलेला होता. हाताशी देशातले उत्तम डॉक्टर होते. तरी १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला जे मिळाले नाही, ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते.

बापूंनी सर्पगंधेचे थेंब घेतले होते. ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी तिचा रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९ मध्ये तो इंग्लंडच्या हृदयरोगाच्या मासिकात छापला. तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रिझर्पिन हे औषध वेगळे काढले गेले. बापू गेल्यानंतर हे सगळे झाले. (मुलांना हेही सांगा की सर्पगंधा घरच्या घरी घ्यायची वस्तू नाही. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो, मनही खचते.)

शेवटची वाटचाल

आगाखान पॅलेसमध्ये असताना १० फेब्रुवारी १९४३ पासून त्यांनी २१ दिवसांचा उपवास केला. वय ७३. मळमळीमुळे पाणीही पोटात ठरेना, आणि तब्येत हाताबाहेर जाऊ लागली. पाण्यात मोसंबीचा थोडा रस घातल्यावर पाणी जाऊ लागले आणि जीव वाचला. रक्ताला वाहते ठेवायला पाणी किती लागते, याचे याहून मोठे उदाहरण नको. २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच कस्तुरबा गेल्या.

२५ ऑगस्ट १९४६ ला बापूंनी सेवाग्राम सोडले. परत यायचे होते, येणे झाले नाही. जानेवारी १९४७ मध्ये, ७७ व्या वर्षी, दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत ते गावोगाव पायी फिरले, तेही बऱ्याचदा अनवाणी. सात आठवड्यांत ४७ गावे आणि सुमारे ११६ मैल.

३० जानेवारी १९४८. दिल्लीचे बिर्ला भवन. प्रार्थनेला काही मिनिटे उशीर झाला होता, म्हणून बापू दोन मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून नेहमीपेक्षा झपझप चालत निघाले. त्या वाटेवरच तीन गोळ्या लागल्या. वय ७८. ज्या हृदयाने एवढा दाब सोसला होता ते थकून थांबले नाही, ते माणसाने थांबवले.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. प्रत्येक मुलाने बसून मनगटाची नाडी एक मिनिट मोजावी. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच आणि पुन्हा पाच मिनिटांनी मोजावी. तीन आकडे वहीत लिहावेत.

२. एक बारीक आणि एक जाड स्ट्रॉ घ्या. दोन्हींतून पाणी ओढा, मग त्याच स्ट्रॉंनी घट्ट ताक किंवा मधाचे पाणी ओढा. नळीची रुंदी आणि दाटपणा दोन्ही तोंडाला कळतात. प्वाझयचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

३. मुलांनी घरी आई-बाबा, आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारावा: तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? उत्तर "कधीच नाही" असेल, तर आरोग्य केंद्रात जाऊन मोजून यावे. आकडा वर्गात सांगायची गरज नाही. ती घरची गोष्ट आहे.

४. आपण शिक्षकही उभे राहून किंवा बसून तासन्‌तास काढतो. दोन तासिकांच्या मध्ये व्हरांड्यात एक फेरी मारू या. पोटरीलाही काम मिळेल.

पुढच्या वेळी सेवाग्रामला सहल नेली की कुटी पाहून झाल्यावर मुलांना बाहेरच्या रस्त्यावर दहा मिनिटे झपाझप चालवा आणि तिथेच थांबून नाडी मोजायला सांगा. आणि त्या आजोबांच्या नातवाला सांगा, की तुझे आजोबा एकटे नाहीत. इथे राहणाऱ्या आजोबांनाही बीपी होतं. त्यांनी ते लपवलं नाही, मोजून घेतलं, सांगितलेली विश्रांती घेतली आणि चालणं काही सोडलं नाही.